स्वमग्न माणसाचे मनही दुखते

मूल नावाने हाक मारली तरी वळून पाहत नाही, एकच खेळ तासन्‌तास खेळते, मिक्सर सुरू झाला की कान झाकून घेते. अशा मुलाला स्वमग्न म्हणतात, हे आता आपल्या वस्त्यांतील अनेक माता-भगिनींना ठाऊक झाले आहे. इंग्रजीत याला ऑटिझम म्हणतात. स्वमग्नता म्हणजे वेड नव्हे, आणि आईच्या हयगयीमुळे ती होत नाही. ती मेंदूच्या घडणीतच असते व जन्मभर राहते.

परंतु एका गोष्टीकडे आपले अजून लक्ष गेलेले नाही. हे मूल मोठे होते. त्यालाही काळजी पोखरते, उदासी येते, झोप उडते. स्वमग्न माणसांत चिंता व नैराश्याचे विकार इतरांपेक्षा जास्त आढळतात, आणि आत्महत्येचा धोकाही जास्त असतो. लोकांची चेष्टा, अर्धवट सुटलेली शाळा, गोंगाटाचा त्रास आणि दिवसभर इतरांसारखे वागण्याची धडपड यांनी मन थकून जाते. अशा वेळी त्याला मनाच्या डॉक्टरांची गरज असते. पण तिथवर पोहोचणेच त्याला अवघड जाते.

दवाखान्यात काय अडते?

सरकारी दवाखान्याची ओपीडी डोळ्यांसमोर आणा. केसपेपरची रांग, घरघरणारे पंखे, लुकलुकणारी ट्यूबलाईट, नंबरासाठी चाललेली ओरडाओरड. आपण वैतागतो, पण निभावून नेतो. स्वमग्न माणसाला हाच आवाज आणि उजेड अंगावर आल्यासारखा वाटतो. दोन-तीन तासांनी नंबर लागेपर्यंत तो कान झाकून जमिनीवर बसलेला असतो. डॉक्टरांना त्याचा तेवढा गोंधळ दिसतो. मूळ दुखणे राहूनच जाते. आणि घरातल्या माणसाची त्या दिवसाची मजुरीही बुडते.

दुसरी अडचण बोलण्याची. “जिवाला घोर लागतो का? हातपाय गळतात का?” असे डॉक्टर विचारतात. स्वमग्न माणूस शब्दाचा सरळ अर्थ घेतो. हातपाय तर जागेवरच आहेत, म्हणून तो “नाही” म्हणतो आणि तेच केसपेपरवर लिहिले जाते. मनात काय चालले आहे याला नाव देणेही अनेकांना जमत नाही. त्यांना सरळ विचारावे लागते: “रात्री किती वाजता झोपलास? काल जेवलास का? मरून जावे असा विचार मनात येतो का?” असे विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट सांगायला वाट मिळते.

तिसरी अडचण सर्वांत घातक. “हा स्वमग्नच आहे, असेच वागायचा,” असे म्हणून बोळवण केली जाते. आमचे सांगणे असे की, माणसाची तुलना त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या वागण्याशी करावी. आवडता खेळ सुटला, जेवण कमी झाले, स्वतःला मारून घेणे वाढले, तर काहीतरी दुखते आहे. ते मन असेल किंवा दातही असेल.

इंग्लंडातील एक धडा

घरच्यांचे ऐकले नाही तर काय होते, हे इंग्लंडमधील ऑलिव्हर मॅकगोवन या १८ वर्षांच्या मुलाच्या उदाहरणावरून कळते. तो स्वमग्न होता आणि त्याला फिट्स येत. मनोविकारावरील विशिष्ट औषधे आपल्याला सोसत नाहीत, असे त्याने आणि त्याच्या आई-वडिलांनी डॉक्टरांना सांगितले होते. तरीही तसे औषध दिले गेले. त्याच्या मेंदूला सूज आली आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये तो गेला. त्याच्या आईने लढा दिला. २०२२ च्या कायद्याने तेथील आरोग्यसेवेतील कर्मचाऱ्यांना स्वमग्नतेचे व बौद्धिक अक्षमतेचे प्रशिक्षण बंधनकारक झाले.

आपला कायदा काय सांगतो?

१९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ते आले. त्याच्या कलम २५ नुसार दिव्यांग व्यक्तीला तपासणीत व उपचारात प्राधान्य मिळावे, यासाठी शासनाने व्यवस्था करायची आहे. गरजेप्रमाणे वाजवी सोय करून देणे हेही या कायद्यात आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. दारिद्र्यरेषेखालील रुग्णाला, कार्ड असो वा नसो, हे उपचार मोफत आहेत. नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत स्वमग्न व्यक्तीला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमाही मिळतो. म्हणून दिव्यांग प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड काढून ठेवावे.

आपण काय करावे?

१. एका कागदावर लिहून न्यावे: कशाचा त्रास होतो, कसे बोलतो, कोणते औषध सोसले नाही, अलीकडे काय बदलले. बोलताना घाबरायला झाले तरी कागद बोलतो.

२. पहिला किंवा शेवटचा नंबर मागावा. बाहेर शांत जागी बसू द्या, नंबर आला की बोलवा, असे सिस्टरना सांगावे.

३. तोंडाने सांगता येत नसेल तर लिहून, चित्र दाखवून किंवा मोबाईलवर टाईप करून उत्तर देऊ द्यावे.

४. आदल्या दिवशी जागा दाखवून आणावी. शक्य तो दर वेळी तेच डॉक्टर मागावेत.

५. औषध कमी मात्रेपासून सुरू करता येईल का, हे विचारावे. ते मनाने बंद करू नये.

दवाखाना लांब असेल तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत व मराठीतून सल्ला मिळतो. तो फोनवर बोलत नसेल तर घरच्यांनी फोन करावा.

आणि भगताकडे नेऊ नये. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आधीच घाबरलेल्या जिवाला तो मार जन्मभर पुरतो.

एकट्या आईने मागितले तर तिला “रांगेत या” असे ऐकावे लागते. म्हणून महिला मंडळांनी आणि युवक मंडळांनी मिळून जिल्हा शल्यचिकित्सकांना निवेदन द्यावे. मागण्या तीनच असाव्यात: आठवड्यातून एक शांत वेळ, बसायला एक बाजूची खोली, आणि कर्मचाऱ्यांना स्वमग्नतेची ओळख करून देणारे प्रशिक्षण. यातील दोन मागण्यांना जवळजवळ खर्चच नाही. निवेदनाची पोच मात्र शिक्क्यासह घ्यावी, आणि महिनाभराने पुन्हा जाऊन विचारावे.