कुत्र्याच्या अंगावरची गाठ : फेकू नका, तपासून घ्या

रानडुकरांपासून पीक राखणारा आपला कुत्रा म्हातारा झाला की त्याच्या अंगावर, पुष्कळदा शेपटीखाली, गाठ दिसू लागते. कोणी तिला बिब्बा लावतो, कोणी डाग देतो. त्याने जखम चिघळते आणि गाठ कसली होती हे कळण्याचा मार्गही बंद होतो.

कातडीत तेलाच्या, घामाच्या अशा निरनिराळ्या ग्रंथी असतात. खच्ची न केलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या गुदद्वाराभोवतीची गाठ बहुधा साधी असते. ती नराच्या अंतःस्रावावर पोसते, म्हणून खच्ची केल्यावर पुष्कळदा आटते. पण गुदद्वाराच्या दोन बाजूंना ज्या पिशव्या असतात, त्यांच्या ग्रंथींची गाठ बहुधा कर्करोगाची असते. तिच्यामुळे कधी कधी रक्तातील कॅल्शियम वाढते व कुत्रा सारखे पाणी पितो. नुसत्या हाताने चाचपून या दोहोंतला फरक खात्रीने सांगता येत नाही.

गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की बहुतेक वेळा निदान होते. शंका उरली तर पेशींतील प्रथिने तपासतात. बऱ्याच प्रथिनांना नेमके चिकटणारे प्रतिपिंड मिळते. ते तुकड्याच्या पातळ कापावर टाकून रंग दिला, की जिथे ते प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उठतो. सायटोकेरॅटिन हे शिंगे व नखे ज्या प्रथिनांची बनतात त्यांच्याच घराण्यातले. ते दिसले तर गाठ कातडीच्या किंवा ग्रंथीच्या पेशींची असण्याचा संभव मोठा. अ‍ॅडिपोफिलिन पेशींतील चरबीचे थेंब दाखवते, म्हणून तेलग्रंथी ओळखण्यास उपयोगी पडते. १९८३ साली जर्मनीतील कील शहरात सापडलेली 'के-आय ६७' ही खूण वाढीला लागलेल्या पेशी दाखवते. त्या जितक्या जास्त, तितकी गाठ झपाट्याने वाढणारी. मात्र एकट्या खुणेवरून निकाल देत नाहीत. पेशींची ठेवण व कुत्र्याची लक्षणेही पाहावी लागतात.

आपण काय करावे?

१. गाठ दिसताच पशुवैद्यांना दाखवा. कुत्र्याचे वय, गाठ कधीपासून आहे व तो पाणी किती पितो, हे सांगा.

२. गाठ काढली तर ती तपासणीला पाठवण्यास सांगा. तुकडा दहापट फॉर्मेलिनमध्ये ठेवावा लागतो. तो मिठात किंवा बर्फात ठेवू नका. फॉर्मेलिन विषारी आहे. बाटली मुलांपासून दूर ठेवा.

३. तुकडा लवकर पोहोचवा. फॉर्मेलिनमध्ये फार दिवस राहिला तर प्रथिनांच्या खुणा झाकल्या जातात.

आदिलाबादहून नागपूर व हैदराबाद या दोन्ही ठिकाणची पशुवैद्यकीय महाविद्यालये एकाच महामार्गाने गाठता येतात. प्रथिनांची तपासणी सर्वत्र होत नाही, म्हणून पशुवैद्यांकडून आधी चौकशी करून घ्यावी.