पिऊन गाडी चालवली त्याने, दंड भरला कोणी?

ताई, गटाच्या रजिस्टरमध्ये अंतर्गत कर्जाचं कारण म्हणून बरेचदा 'घरखर्च' लिहिलेलं असतं. बैठक संपल्यावर चपला घालताना खरं कारण कळतं. मालकाने पिऊन मोटारसायकल चालवली, पोलिसांनी धरलं, आता कोर्टात दंड भरायचा आहे. म्हणून या अंकात हा कायदा समजून घेऊ.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 प्रमाणे 100 मिलीलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू सापडली की गुन्हा होतो. पहिल्या वेळी 10,000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडला तर 15,000 रुपये किंवा 2 वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हा दंड रस्त्यावर पावती फाडून मिटत नाही, प्रकरण कोर्टात जातं. "इथंच मिटवून टाकू" असं कोणी म्हणालं तर ते कायद्यातलं नाही, हे पक्कं समजा. उमरखेडच्या चकरा, वकील, बुडालेली मजुरी हे सगळं वेगळंच.

आता 10,000 रुपये म्हणजे निंदणाचे किती दिवस? हिशोब तुम्हीच करा. पितो तो, आणि कापूस वेचून फेडते ती. मला तरी या शिक्षेतली ही मोठी खोट वाटते.

यावर एक मार्ग म्हणजे समाजसेवेची शिक्षा. पैसा भरायचा नाही, गुन्हेगाराने स्वतःच्या अंगाने, बिनामजुरी, लोकांच्या उपयोगाचं काम करायचं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही शिक्षा पहिल्यांदाच लिहून आली. पण ती मोजक्याच लहान गुन्ह्यांना आहे. त्यातला एक आपल्या ओळखीचा: दारू पिऊन चारचौघांत धिंगाणा घालणं, कलम 355. त्याला 24 तासांपर्यंत साधी कैद किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवा. जुन्या कायद्यात याच गुन्ह्याला दंड होता फक्त 10 रुपयांपर्यंत! इंग्रजांच्या काळात ठरलेला, तो तसाच चालत आलेला.

पिऊन गाडी चालवण्याच्या कलम 185 मध्ये मात्र समाजसेवेचा शब्द नाही. तिथे दंड आणि कैदच.

मग पुण्याचं काय, असं तुम्ही विचाराल. 19 मे 2024 ला कल्याणीनगरमध्ये 17 वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन दिला आणि अटी घातल्या: 300 शब्दांचा निबंध लिही, 15 दिवस वाहतूक पोलिसांसोबत काम कर. अख्खा महाराष्ट्र चिडला, आणि तीन दिवसांत मंडळाला आदेश बदलून त्याला निरीक्षणगृहात पाठवावं लागलं. ती शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती. पण दोन जीव गेल्यावर निबंध, हे कोणालाच पटलं नाही. समाजसेवा शोभते ती जिथे कोणी मेलं नाही, जखमी झालं नाही, तिथे.

तसं एक उदाहरण मुंबईचं आहे. पिऊन गाडी चालवून पोलिसांचे अडथळे उडवणाऱ्या एका तरुणाला जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला. अट अशी की तीन महिने दर शनिवार-रविवारी वरळी नाक्यावर 'पिऊन गाडी चालवू नका' असा फलक धरून उभं राहायचं. असंच कोणी आठवडी बाजाराच्या दिवशी ढाणकीत उभं राहिलं तर? त्याची उसनवारी गटातून करता येणार नाही, एवढं नक्की.

आता नीट ऐका, कारण पुढचं थेट तुमच्यावर येतं. गटाच्या कर्जातून घेतलेली गाडी कधी कधी बाईच्या नावावर असते. नवऱ्याने पिऊन कोणाला उडवलं, तर विमा कंपनी मयताच्या घरच्यांना भरपाई देते, पण नंतर ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करू शकते. मालक म्हणजे तुम्ही. अल्पवयीन पोराच्या हातात गाडी दिली आणि त्याच्याकडून गुन्हा घडला, तर पालक किंवा मालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड आहे. "मला माहीतच नव्हतं" हे कोर्टात सिद्ध करावं लागतं, नुसतं म्हणून चालत नाही.

आणि एक. घरात पिऊन मारहाण होत असेल तर ते या लेखातल्या कुठल्याच कलमात बसवू नका. त्याला 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. 181 वर फोन करा, जीवावर बेतलं असेल तर 112.

पुढच्या मासिक बैठकीला गाडीचं आरसी बुक आणि विम्याचा कागद सोबत आणा. नाव कोणाचं आहे आणि विमा कधी संपतो, ते आपण बसून बघू.