तराजूचीही तपासणी हवी

तराजूत पासंग असेल, तर धान्य कितीही चोख असो, वजन खोटंच येतं. संगणकाच्या कामातही असे तराजू असतात. आज त्यातला एक समजून घेऊ.

लिनक्स ही १९९१ साली सुरू झालेली संगणकप्रणाली. तिचा कोड, म्हणजे संगणकासाठी लिहिलेल्या सूचना, कुणीही वाचू शकतं आणि त्यात बदल सुचवू शकतं. लिनक्सवर पडदा नीट चालतो का, हे बघायला ‘मोडटेस्ट’ नावाचं छोटं साधन आहे. त्यात दाबायला बटणं नाहीत, आज्ञा टाइप करायची. एका आज्ञेने जोडलेल्या पडद्यांची यादी मिळते. दुसरीने पडद्यावर रंगांचे उभे पट्टे उमटतात. लालच्या जागी निळा दिसला, तर कुठेतरी गडबड आहे हे लगेच कळतं.

आता या साधनातच कुणी बदल केला तर? तो बदल आधी दुसऱ्या जाणकाराकडे जातो. काढलेल्या ओळीपुढे वजाची खूण, घातलेल्या ओळीपुढे अधिकची. सोबत बदलाचं कारण लिहिलेलं असतं.

तपासणारी व्यक्ती काय बघते? सांगितलेलं कारण आणि केलेला बदल जुळतात का? एका बदलात चार कामं कोंबली नाहीत ना? नव्या आज्ञेसाठी घेतलेलं अक्षर आधीच दुसऱ्या कामाला वापरलेलं नाही ना? पडदा जोडलेलाच नसेल, तर साधन तसं स्पष्ट सांगतं, की गप्प बसतं? जमेल तर ती बदल आपल्या संगणकावर चालवूनही बघते.

एवढी काळजी का? साधनच खोटं बोललं, तर चांगल्या पडद्याला नावं ठेवली जातात आणि खरा बिघाड तसाच पुढे जातो. दुरुस्ती करणारा भलत्याच जागी दिवसचे दिवस शोधत बसतो.

पटलं, की तपासणारा बदलाखाली आपलं नाव लिहितो. म्हणजे जबाबदारी दोघांची होते. शंका असेल तर ती ओळीवर घ्यायची, माणसावर नाही.

आपल्या गटाचं हिशोबाचं वहीकामही असंच आहे. जिने वही लिहिली, तिच्याखेरीज दुसरीने ती वाचली पाहिजे. त्यात अविश्वास नाही. लिहिणारीच्या डोळ्यांना स्वतःची चूक सहसा दिसत नाही, एवढंच. तुमच्या गटात ही दुसरी नजर कोणाची, हे येत्या बैठकीत जरूर ठरवा.