स्कारबरोस मुक्काम कोठे करावा?

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील स्कारबरो या जुन्या समुद्रस्नानाच्या नगरीत मुक्कामाची तजवीज करताना प्रथम ध्यानी घ्यावे ते हे की, माथ्यावर किल्ला मिरवणाऱ्या उंच भूशिराने या गावाच्या दोन चंद्राकार पुळणी केल्या असून त्यांचे स्वभाव अगदी भिन्न आहेत. दक्षिणेस बंदर, करमणुकीची दुकाने, गजबज आणि १८६७ साली उघडलेले अवाढव्य ग्रँड हॉटेल. उत्तरेस मोकळी वाळू व पीझम उद्यान, म्हणून लेकुरवाळ्यांनी उत्तर बाजूच पत्करावी.

माझा कौल मात्र साउथ क्लिफ या कड्यावरील वस्तीला. एस्प्लनेडच्या व्हिक्टोरियाकालीन घरांपुढे सारा उपसागर पसरलेला असतो, आणि खालच्या स्पा या वास्तूपर्यंतची उभी चढण वृद्धांना दुःसह होऊ नये म्हणून १८७५ पासून कड्यावर रुळांवरून सरकणारी उतारगाडी आहे. ब्रिटनमधील ही अशी पहिलीच. ती सायंकाळी कधी बंद होते, याची चौकशी आधीच करावी.

गेस्ट हाउस निवडताना दरापेक्षा मजला विचारावा. ही घरे चारपाच मजली, जिने अरुंद, पाळणा बहुधा नसतोच. समुद्र दिसणारी स्वस्त खोली पुष्कळदा उतरत्या छपराखालची, जिच्या खिडकीशी उंच माणसाला वाकूनच उभे राहावे लागते. तरी भरती पाहण्यास तिच्यासारखी जागा नाही! न्याहारी सामान्यतः भाड्यातच धरलेली असते. तीत डुकराचे मांस, अंडी, क्वचित धुरावलेला हेरिंग मासा येतो, तेव्हा शाकाहारी मंडळींनी खोली ठरवतानाच तशी सूचना द्यावी.