रानम्हैस मोजली, गवत राहिले

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेला, सिरोंचा वनविभागातल्या कोलामार्काच्या जंगलात महाराष्ट्रातल्या अखेरच्या रानम्हशी आहेत. २०१३ साली सुमारे १८१ चौरस किलोमीटरचे हे रान त्यांच्यासाठी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाले आणि पुढे त्याला अभयारण्याचा दर्जा देण्याचे ठरले. तेव्हापासून कोलामार्काची बातमी येते ती बहुधा एकाच साच्यातली. यंदा म्हशी किती दिसल्या, सोबत पारडू होते का, कॅमेऱ्यात हल्या आला का. आकडा नेहमीच तुटपुंजा असतो, आणि तो वाचून हळहळण्यापलीकडे वाचकाच्या हाती काही लागत नाही. या मोजणीला माझा आक्षेप नाही. मात्र दिवसाचा बराचसा वेळ चरण्यात आणि उरलेला चिखलात डुंबण्यात घालवणाऱ्या, हजार किलोपर्यंत वजन भरणाऱ्या जनावराचा हिशेब गवतापासून आणि पाण्यापासून सुरू व्हायला हवा, असे माझे म्हणणे आहे. आपण तो शेपटाकडून सुरू करतो. म्हशी किती, हे आपल्याला ठाऊक असते. त्यांचे कुरण किती, त्यातले मारवेल-पवन्याचे किती आणि तरोटा-रानतुळशीने गिळलेले किती, हे कुठल्याही बातमीत येत नाही.

ही सवय किती खोल आहे ते पाहायला समुद्राकडे वळावे लागते. डुगाँग, म्हणजे समुद्रगाय, हा शुद्ध शाकाहारी सस्तन प्राणी आहे. उथळ समुद्राच्या तळाशी उगवणाऱ्या गवतावर ती जगते आणि दिवसाला तीस-चाळीस किलो गवत खाते. हे गवत शेवाळ नव्हे. त्याला मुळे असतात, फुले येतात, बी धरते आणि जगायला स्वच्छ ऊन लागते. पाणी गढूळ झाले की ते मरते. भारतात डुगाँग उरली ती कच्छचे आखात, मन्नारचे आखात, पाल्कची सामुद्रधुनी आणि अंदमान-निकोबार इथे. तमिळनाडू सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात तंजावर आणि पुदुक्कोट्टई जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगत ४४८ चौरस किलोमीटरचे देशातले पहिले डुगाँग राखीव क्षेत्र जाहीर केले. त्या घोषणेतली माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. तिथे समुद्री गवताचे क्षेत्रही सांगितले होते, १२ हजार हेक्टरांहून अधिक. कोणते जनावर राखायचे यासोबत कोणते गवत राखायचे, हेही कागदावर आले. समुद्राच्या तळाशी असलेले, काठावरून न दिसणारे गवत जर हेक्टरांत मोजता येते, तर जमिनीवरचे, पायी फिरून पाहता येणारे का येऊ नये?

डुगाँगच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट कळते. ती चरते तेव्हा पाने तोडत नाही, गवत मुळासकट उपटते. तळावर तिच्या चरण्याचे लांब पट्टे उमटतात. पहिल्या नजरेला ही नासधूस वाटेल. प्रत्यक्षात त्या पट्ट्यांत लवकर वाढणारे, कोवळे, अधिक पोषक गवत पुन्हा येते आणि जुने चिवट गवत मागे पडते. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर डुगाँगच्या शेणात समुद्री गवताचे रुजण्याजोगे बी सापडले आहे. चरणारे जनावर हे असे आपल्या कुरणाच्या घडणीत भागीदार असते. ते नाहीसे झाले की कुरणही बदलते. तेव्हा आधी म्हशी वाढू द्या, गवताचे नंतर पाहू, हा क्रम जसा चुकीचा, तसाच नुसते कुंपण घालून आत चरणारेच ठेवायचे नाही, हाही चुकीचा.

यावर कोणी म्हणेल, समुद्राचे दाखले विदर्भाला कशाला? मग कान्हाचा घ्या. गडचिरोलीहून ते फार लांब नाही. मध्य भारतातल्या कठीण जमिनीवर राहणाऱ्या बारशिंग्याची कान्हातली संख्या १९७० मध्ये ६६ वर आली होती. शिकार हे घसरणीचे एक कारण होतेच, पण माद्या पाडसे लपवतात ते उंच गवत गुरांच्या चराईने आणि दरवर्षीच्या वणव्याने उरले नव्हते, हेही अभ्यासकांना दिसले. पुढे उद्यानातली काही गावे बाहेर वसवण्यात आली, त्यांच्या शेतांची कुरणे झाली, आग आवरली गेली, काही जनावरे आवारात वाढवली गेली आणि बारशिंगा सावरला. गावे हलवण्याची किंमत तिथल्या बैगा-गोंडांनी मोजली, हे त्या यशोगाथेत सहसा शेवटच्या ओळीत येते. ते आधी यायला हवे. तरी पुरावा म्हणून कान्हा पुरेसा स्पष्ट आहे. उंच गवत परत आले आणि पाडसे जगू लागली.

चंद्रपुरातही याच अनुभवाची छोटी आवृत्ती आहे. ताडोबा-अंधारीच्या गाभ्यातून बोटेझरी, नवेगाव, जामनी अशी गावे बाहेर गेली आणि त्यांच्या जुन्या शेतांवर कुरणे उभी राहिली. ती आपोआप उभी राहिली नाहीत. पडीक शेत सोडून दिले की आधी तरोटा आणि रानतुळस येते, कडेने घाणेरी सरकते. फुलावर येण्याआधी ती उपटत राहिले तरच चांगल्या गवताला जागा मिळते. वर्षानुवर्षे मजूर लावून करण्याचे हे कंटाळवाणे काम आहे. पर्यटक तिथे वाघ पाहायला येतो. वाघ तिथे चितळ-गव्यामुळे आणि ते गवतामुळे असतात, इतके सरळ गणित असूनही तरोटा उपटणाऱ्या बाईचा फोटो कुणी काढत नाही.

मग गवत हिशेबाबाहेर राहिले कसे? याचे उत्तर वनखात्याच्या जन्मातच आहे. इंग्रजी अमदानीत आलापल्ली आणि बल्लारपूरचे जंगल सागाच्या घनफुटात पाहिले गेले आणि मधली मोकळी जागा रोपवनासाठी रिकामी समजली गेली. स्वातंत्र्यानंतर ती नजर बदलली नाही. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाने गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांत मिश्र जंगल तोडून मोठ्या प्रमाणावर साग लावला. वनक्षेत्र मोजण्याची देशाची पद्धतही झाडांच्या छत्रावरच बेतलेली आहे: एक हेक्टर किंवा अधिक जागेवर दहा टक्के छत्र असेल तर जंगल. सागाचे रोपवन त्यात बसते, उत्तम कुरण बसत नाही. पडीक जमिनींच्या सरकारी नकाशांत तर गवताळ माळ सर्रास ‘पडीक’ म्हणून रंगवलेला असतो. भरपाईची झाडे लावायला जागा शोधणाऱ्याचे बोट मग कुरणावरच टेकते. झाडे कर्ब साठवतात म्हणून लावायलाच हवीत, असे सांगितले जाते. ते खरे असले तरी गवतही कर्ब साठवते. ते मातीत, मुळांच्या जाळ्यात साठवते आणि वणव्यातही त्यातला बराच भाग सुरक्षित राहतो.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. रानम्हैस गवताअभावी संपते आहे कशावरून? शिकार, गावातल्या म्हशींशी होणारा संकर, लाळ्या-खुरकूत आणि पूर्वीची बुळकांडी यांनी तिला अधिक पोखरले, असे म्हणता येईल. स्टेलरची समुद्रगाय या बाजूने साक्ष देते. १७४१ मध्ये बेरिंग समुद्रात ती शास्त्रज्ञांच्या नजरेस पडली आणि अवघ्या २७ वर्षांत शिकारीने नष्ट झाली. नुसते खाद्य असून भागत नाही, हे मला मान्य आहे. पण संकर आणि रोग कुठून येतात ते पाहावे. गावची म्हैस आणि रानम्हैस एकाच पाणवठ्यावर, एकाच उरल्यासुरल्या हिरव्या पट्ट्यात उन्हाळ्यात एकत्र येतात तेव्हाच लागण होते आणि हल्या गावच्या कळपामागे लागतो. कुरण आणि पाणी जितके आकसेल तितकी ही गाठभेट वाढेल. गवताची टंचाई या कारणांच्या यादीतले आणखी एक कलम नसून बाकीच्या कलमांना बळ देणारी परिस्थिती आहे.

मग गुरे बंद करा, हा उपाय सोपा वाटतो. मला तो पटत नाही. कोलामार्काच्या परिसरात राहणाऱ्या माडिया-गोंड कुटुंबांसाठी गुरे म्हणजे नांगर आणि खत. शिवाय वनहक्क कायद्याखाली गडचिरोलीत सामूहिक वनहक्काचे मोठे क्षेत्र ग्रामसभांकडे आले आहे. २००९ मध्ये मेंढा-लेखा गावाने त्याची सुरुवात केली. चराई कुठे, किती महिने आणि कोणाची, हे ठरवण्याचा अधिकार आता ग्रामसभेकडे आहे. बांबू आणि तेंदूचे आराखडे करणाऱ्या ग्रामसभांना गवताचा आराखडा करता येणार नाही, असे मानायला आधार नाही. गावच्या गुरांचे लसीकरण, त्यांच्यासाठी वेगळा पाणवठा आणि रानम्हशींच्या उन्हाळी पट्ट्यात काही महिन्यांची चराईबंदी, त्या बदल्यात चाऱ्याची हमी, एवढ्या गोष्टी कुणालाही हुसकावून न लावता जमतात. हमी मात्र कागदावर राहिली तर बंदीही कागदावरच राहील.

इंद्रावतीपलीकडच्या छत्तीसगडने दुसरी वाट धरून पाहिली. रानम्हैस तिथला राज्यप्राणी. उदंती अभयारण्यातल्या मादीच्या पेशीपासून २०१४ मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत पारडू जन्माला घातले गेले, त्याच्या अस्सलपणाबद्दल पुढे शंकाही घेतल्या गेल्या. २०२० पासून आसामच्या मानसमधून जनावरे आणून बारनवापारा अभयारण्यात आवारात ठेवली गेली. जगातल्या चार हजारांहून कमी रानम्हशींपैकी बहुतेक आसामातच असल्याने तिकडे पाहणे समजण्यासारखे आहे. पण ब्रह्मपुत्रेच्या पूरमैदानातले दाट गवत ट्रकमधून येत नाही. आवारातून सोडलेली म्हैस कुठे चरणार, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटत नाही. तो इंद्रावतीच्या काठावरच सुटायचा आहे. याच नदीवर भोपालपट्टणम आणि पुढे गोदावरीवर इंचमपल्ली अशी धरणे आखली होती आणि १९८०च्या दशकात बाबा आमटे त्यांच्याविरुद्ध उभे राहिले होते. तेव्हा चर्चा गावांची आणि सागवानाची झाली. ती धरणे झाली असती तर नदीकाठची कुरणे सर्वांत आधी पाण्याखाली गेली असती.

कोलामार्कात गवताची पहिली नोंद करायला फार काही लागणार नाही. पावसाळ्यानंतर एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा ठरावीक पट्ट्यांत फिरून कोणते गवत किती आहे, कोणते पाणी कधी आटले, तरोटा कुठवर आला, म्हशींचे शेण कुठे पडले हे लिहायचे. वनरक्षक आणि गुराखी मिळून हे करू शकतात. गुराख्याला गवताची जात ओळखायला पुस्तक लागत नाही. वार्षिक अहवालात म्हशींच्या आकड्याशेजारी त्यासाठी एक रकाना हवा, आणि तो रिकामा राहिला तर का राहिला, याचे उत्तर विभागीय कार्यालयाने द्यायला हवे.