गिधाडं कुणी मारली?

ऐका रे पोरांनो. जटायू तुम्हाला ठाऊक आहे. सीतेला पळवून नेणाऱ्या रावणाला एकटा आडवा गेलेला म्हातारा पक्षी. नाशिक जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यात टाकेद नावाचं गाव आहे. घायाळ जटायू तिथंच पडला होता आणि त्याला शेवटचं पाणी मिळावं म्हणून रामानं बाण मारून जमिनीतून झरा काढला, असं तिथले लोक मानतात. आजही भाविक त्या कुंडावर जातात. हा जटायू म्हणजे गिधाड बरं का. रामानं ज्याचे अंत्यसंस्कार स्वतःच्या हातानं केले, त्या पक्ष्याचं नाव आपण मात्र माणसाला हिणवायला वापरतो.

आज त्याच्याच वंशाची गोष्ट सांगतो. या गोष्टीत कोट्यवधी जीव मेले. त्यांना कुणी बंदुकीनं मारलं नाही, सापळे लावले नाहीत, त्यांचं जंगलही कुणी तोडलं नाही. मारणाऱ्यांच्या मनात दया होती, आणि आपल्या हातून काही मरतंय याचा त्यांना पत्ताही नव्हता.

आधी गिधाड कसं असतं ते नीट समजून घ्या. पंख पसरले की दोन मीटरहून जास्त, वजन पाच-सहा किलो. एवढं धूड पंख मारत दिवसभर उडायला लागलं तर दुपारपर्यंत थकून खाली येईल. म्हणून ते सकाळी घाई करत नाही. ऊन तापेपर्यंत कड्यावर नाहीतर झाडावर बसून राहतं. जमीन तापली की तिच्यावरची हवा गरम होऊन वर चढू लागते. त्या वर जाणाऱ्या हवेत गिधाड नुसते पंख ताणून शिरतं आणि गोल गोल फिरत उंच जातं. पुरेसं वर गेलं की पुढं घसरत निघतं आणि गरम हवेचा दुसरा झोत गाठतं. पंखाची फडफड जवळजवळ नाहीच. किती उंच जात असेल? आफ्रिकेत आयव्हरी कोस्ट नावाचा देश आहे. तिथल्या आकाशात १९७३ साली एका विमानाला रूपेल जातीचं गिधाड धडकलं, तेव्हा विमान अकरा हजार मीटरांहून वर होतं. एव्हरेस्ट शिखर त्याच्याहून दोन हजार मीटर खाली!

आणि त्यांची हेरगिरी तर विचारूच नका. आपल्याकडच्या गिधाडांना वासावर काही सापडत नाही, सगळा भरवसा डोळ्यांवर. एकेक जण आभाळाचा एकेक तुकडा वाटून घेतल्यासारखा दूरदूर फिरत असतो. एक डोळा जमिनीवर आणि दुसरा शेजाऱ्यावर. एकानं खाली झेप घेतली की दूरवर फिरणारा शेजारी ते पाहतो आणि तिकडे वळतो. त्याला वळताना पाहून त्याच्या पलीकडचा वळतो. तासाभरापूर्वी ज्या आभाळात एकही पक्षी दिसत नव्हता, तिथून शंभर गिधाडं उतरतात.

माझ्या लहानपणी गावाबाहेर ढोरं टाकायची जागा असायची. मेलेला बैल तिथं नेऊन टाकला की उतरलेली गिधाडं बघता बघता त्याचा सांगाडा करून टाकत. त्या माळाला दुर्गंधी नसायची. आम्ही पोरं लांबून ते बघायचो आणि नाक मुरडायचो. आता कळतं की सबंध गावाचं केवढं मोठं काम तिथं फुकटात चाललं होतं.

धाकटीचा प्रश्न बरोबर आहे: सडलेलं मांस खाऊन ती आजारी कशी पडत नाहीत? त्यांच्या पोटातलं आम्ल फार जहाल असतं. आपल्याला आडवं करतील असे कितीतरी रोगजंतू त्यात गळून जातात. डोक्यामानेवर पिसं नाहीत म्हणून ती आपल्याला कुरूप दिसतात. पण मेलेल्या जनावराच्या पोटात मान खुपसणाऱ्याला पिसं असती तर रक्तमांस त्यात अडकून कुजलं असतं. शिवाय उघडी मान उन्हात अंग थंड ठेवायलाही उपयोगी पडते. रोगाशी लढायला इतकं जय्यत तयार असलेलं शरीर निसर्गात क्वचितच सापडेल. म्हणूनच पुढं जे झालं ते बघून जाणकारही चक्रावून गेले.

१९८०च्या दशकात आपल्या देशात गिधाडं कोटींच्या हिशेबात होती. पांढऱ्या पुठ्ठ्याचं गिधाड तर जगातला सगळ्यात जास्त संख्येनं आढळणारा मोठा शिकारी कुळातला पक्षी असावा, असं तेव्हा म्हणत. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी त्या काळात गिधाडांची घरटी मोजून ठेवली होती. नव्वदीच्या मध्यावर ते पुन्हा तिथं काम करू लागले तेव्हा घरटी निम्म्याहून कमी झाली होती. झाडांखाली मेलेली गिधाडं पडली होती, आणि जी जिवंत होती त्यांतली काही मान खाली लोंबकळत ठेवून फांदीवर बसून होती. काही वर्षांतच तिथं एकही घरटं उरलं नाही. देशभर हीच गत. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं हजारात एकच उरली. लांब चोचीची आणि बारीक चोचीची गिधाडं शंभरात तीन उरली. इतक्या वेगानं एवढ्या मोठ्या संख्येचा पक्षी नाहीसा झाल्याची उदाहरणं जगाच्या इतिहासात फार थोडी आहेत.

मग सुरू झाला तपास. पहिला संशय साथीच्या रोगावर. दुसरा शेतातल्या कीटकनाशकांवर. भारतातले, पाकिस्तानातले, इंग्लंड-अमेरिकेतले लोक कामाला लागले. पाकिस्तानच्या पंजाबात लिंडसे ओक्स नावाच्या अमेरिकन पशुवैद्याच्या तुकडीनं मेलेली गिधाडं उघडून पाहिली. बहुतेकांच्या आतल्या अवयवांवर एक पांढरा थर साचलेला. काळजावर, यकृतावर, सगळीकडे. तो होता युरिक आम्लाचा. पक्ष्यांच्या विष्ठेत पांढरा भाग असतो ना, तेच हे. मूत्रपिंड म्हणजे शरीराची गाळणी. तीच बंद पडली तर बाहेर टाकायचा मळ आतच साचणार. म्हणजे या पक्ष्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. पण कशानं? विषाणू शोधले, जीवाणू शोधले, कीटकनाशकं आणि शिसं-पारा शोधला. काहीच सापडेना.

इथं त्या माणसांनी जे केलं ते मला फार आवडतं. प्रयोगशाळा बाजूला ठेवून ते औषधांच्या दुकानांत गेले, गुरांच्या डॉक्टरांकडे गेले. गिधाडं काय खातात? मेलेली गुरं. मग त्या गुरांच्या पोटात मरण्याआधी काय गेलं होतं? ‘अलीकडे नवीन काय द्यायला लागलात?’ एवढाच साधा प्रश्न. आणि एक नाव पुढं आलं: डायक्लोफिनॅक.

हे दुखण्यावरचं औषध. माणसांना गुडघेदुखीला देतात, मीही घेतलंय. नव्वदीत ते स्वस्त झालं आणि गुरांसाठी आलं. बैलाचा खांदा सुजला, गाय लंगडायला लागली, म्हशीला ताप भरला की एक सुई. जनावराला लगेच आराम. ज्याच्या घरची लक्ष्मी गोठ्यात उभी आहे, तो माणूस तिचं कण्हणं कसं ऐकेल? त्यानं जे केलं ते मायेनंच केलं. पण सुई टोचल्यावर दोन-तीन दिवसांत ते जनावर दगावलं तर औषध त्याच्या मांसात शिल्लक असायचं. गिधाडानं ते खाल्लं की मूत्रपिंडं बंद पडून थोड्याच दिवसांत त्याचा शेवट. ओक्स यांच्या तुकडीनं तपासलेल्या, मूत्रपिंडं निकामी होऊन मेलेल्या पंचवीसच्या पंचवीस गिधाडांत हे औषध सापडलं. दुसऱ्या कारणांनी मेलेल्यांत ते नव्हतं. २००४ साली ‘नेचर’मध्ये ही बातमी छापून आली. नवल असं की अमेरिकेतल्या टर्की गिधाडांना हेच औषध कितीतरी जास्त प्रमाणात देऊनही काही झालं नाही. आपल्याकडच्या गिधाडांच्या कुळालाच ते असं बाधतं.

आता तुमच्यातला गणितवाला म्हणेल, आजोबा, अशी सगळीच गुरं थोडी सुई टोचल्यावर मरतात? खरं आहे. थोडीच मरतात. हिशेब करून बघू. धरून चाला की दोनशे मेलेल्या ढोरांत फक्त एकाच्या अंगात घातक इतकं औषध आहे. गिधाड तीन दिवसांनी एकदा पोटभर खातं, म्हणजे वर्षाला एकशेवीस जेवणं. प्रत्येक जेवणाला दोनशेत एक धोका. वर्षभरात जवळजवळ निम्मी गिधाडं त्या एका ताटावर येऊन बसलेली असतात! आणि गिधाड वर्षाला अंडं किती घालतं? एकच. पिल्लू मोठं होऊन स्वतः जोडी जमवायला पाचेक वर्षं लागतात. निम्मी मरतायत आणि भर पडतेय ती अशी. शास्त्रज्ञांनी काटेकोर हिशेब मांडला तेव्हाही हेच निघालं, की शंभर ढोरांत एकापेक्षाही कमी ढोर दूषित असलं तरी ही पडझड होऊ शकते.

गिधाडं गेली, पण गुरं मरायची थांबली नाहीत. ढोरं माळावर सडू लागली, आणि तिथं भटकी कुत्री वाढली. कुत्री वाढली की पिसाळलेल्या कुत्र्याचा चावा आला. सडकं मांस ओढ्यानाल्यांत गेलं. मुंबईत मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी लोक शतकानुशतकं आपल्या माणसांचे देह गिधाडांच्या स्वाधीन करत आले. तिथं उन्हाची उष्णता एकवटणारे आरसे बसवायची वेळ आली. आयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली एक अभ्यास छापला. गिधाडं नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात आपल्या देशात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची मेली, असा त्यांचा अंदाज आहे. पाच लाख! ज्याला आपण अशुभ म्हणून हाकलत होतो, तो आपलं रक्षण करत होता.

आता जरा बरं वाटेल असं सांगतो. भारत, नेपाळ आणि पाकिस्ताननं २००६ साली गुरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. त्याच वर्षी हेही सिद्ध झालं की मेलॉक्सिकॅम नावाचं औषध गुरांचं दुखणं तितकंच शमवतं आणि गिधाडाला बाधत नाही. माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या बाटल्या गुपचूप गोठ्यात जात होत्या, म्हणून २०१५ साली त्या तीन मिलिलिटरच्या छोट्या कुपीपुरत्या मर्यादित केल्या. एसिक्लोफिनॅक तर गुराच्या अंगात गेल्यावर डायक्लोफिनॅकच बनतं. त्याच्यावर आणि किटोप्रोफेनवर २०२३ साली बंदी आली. मला विचाराल तर ही बंदी यायला फारच उशीर झाला.

हरियाणात पिंजोरला गिधाडं वाढवायचं केंद्र आहे. तिथून २०२४च्या जानेवारीत वीस गिधाडं आपल्या महाराष्ट्रात आणली, दहा पेंचला आणि दहा ताडोब्याला. काही महिने मोठ्या पिंजऱ्यात ठेवून, पाठीवर माग काढणारं यंत्र बांधून त्यांना मोकळं सोडलं. त्यांतली सगळी जगली नाहीत. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला विजेच्या तारा कोण शिकवणार? पण काम थांबलेलं नाही.

कोकणात रायगड जिल्ह्यात, म्हसळ्याजवळच्या चिरगावात गावकरीच घरट्यांची राखण करतात. गडचिरोलीत वनखात्यानं गिधाडांसाठी ‘उपाहारगृहं’ काढली आहेत, म्हणजे कुंपण घातलेली जागा, जिथं औषध न दिलेली मेलेली गुरं आणून ठेवतात. नाशिकजवळ अंजनेरीच्या कड्यावर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी अजून आहेत. मोठ्या सुट्टीत नेईन तुम्हाला. मात्र कड्याखाली आरडाओरडा करायचा नाही, ड्रोन उडवायचं नाही. आईबाप दचकून उडाले तर ते एकुलतं एक अंडं उघडं पडतं.

आणि तुमच्याकडून मला एक काम हवंय. तुमच्या मामाच्या गोठ्यात गुरं आहेत. शेजारच्या गावांतून तुमचे मित्र येतात, त्यांच्याही घरी आहेत. गुरांचा डॉक्टर आला की त्याला नमस्कार करून विचारा, ‘काका, सुई कुठली देताय?’ मेलॉक्सिकॅम म्हणाला, टोल्फेनॅमिक ॲसिड म्हणाला तर उत्तम. दुसरं काही म्हणाला तर ही गोष्ट त्याला सांगा. आणि सुई टोचल्यानंतर जनावर दगावलंच, तर घरच्यांना सांगून ते माळावर न टाकता खोल खड्डा करून पुरायला लावा.