क्नाइपची गवतफुले आणि मांडीतली कळ

जर्मनीतील स्नानक्षेत्रे पालथी घालण्याचा छंद जडलेल्या प्रस्तुत लेखकाची लेखणी, सायटिकेसारखा रूक्ष विषय हाती घेतला तरी, बव्हेरियातील बाड व्योरिसहोफेन या गावाकडे आपसूक वळू पाहते. तथापि वाचकांचा हक्क म्हणून शरीरशास्त्राचा मजकूर आधी उरकून घेतो. कमरेच्या खालच्या मणक्यांमधून निघणाऱ्या मज्जातंतूंची मुळे एकत्र येऊन जी नस बनते, ती मनुष्यदेहातील सर्वांत जाड नस होय. बहुधा कमरेच्या मणक्यांमधील शेवटच्या दोन गाद्यांपैकी एखादी सरकून या नसेच्या मुळाशी दाब व दाह उत्पन्न झाला, की नितंबापासून पावलापर्यंत कळ धावते; हीच सायटिका. बहुतेकांची पीडा काही आठवड्यांत ओसरते, सरकलेला भाग पुष्कळदा शरीर स्वतःच जिरवून टाकते. सबब शस्त्रक्रियेची घाई नको आणि अंथरूण धरणेही नको. इतके पुरे.

आता व्योरिसहोफेन. 1821 साली एका विणकराच्या घरी जन्मलेला सेबास्टियान क्नाइप तारुण्यात क्षयाने ग्रासला गेला, ऐन हिवाळ्यात डॅन्यूबच्या पाण्यात बुड्या मारून आपण बरे झालो अशी त्याची श्रद्धा बसली, आणि 1855 मध्ये धर्मोपदेशक म्हणून या खेड्यात आल्यावर त्याने जलोपचारांचे असे काही प्रस्थ माजविले की 1886 मधील त्याच्या ग्रंथानंतर दूरदूरचे रोगी तेथे लोटू लागले. जर्मन जलोपचारांचा हा ओघ आपल्याकडेही पोहोचला: लाइप्झिगच्या लुई कूनेच्या कटिस्नानावर गांधीजींचा केवढा भरवसा होता हे सर्वश्रुत आहे, आणि 1946 साली पुण्याजवळ उरुळी कांचनला त्यांनी निसर्गोपचाराचा आश्रम काढला तो याच परंपरेच्या बळावर.

गंमत अशी की, ज्या थंड पाण्याने क्नाइपचे नाव झाले, ते ठणकणाऱ्या सायटिकेला त्याचेच अनुयायी वर्ज्य मानतात. करंगळीपासून पोटरीच्या बाहेरील अंगाने गुडघ्यापर्यंत चढणारी आणि आतील अंगाने उतरणारी त्यांची प्रसिद्ध पाण्याची धार अशा रोग्यावर सोडीत नाहीत. त्याच्यासाठी तजवीज निराळी : गवतफुलांची पिशवी.

ही पिशवी मी तेथे निरखून पाहिली. वाळल्या गवताच्या गंजीखाली झडून पडलेली फुले, बिया व पानांचा चुरा जाड सुती पिशवीत भरतात, पिशवी वाफेवर तापवितात, सुमारे 42 अंशांपर्यंत निवू देतात, परिचारिका ती प्रथम आपल्या मनगटाच्या आतील बाजूस लावून पाहते, आणि मग कमरेखाली सरकवून वरून लोकरीचे वस्त्र गुंडाळते. पाऊण तास रोगी निपचित पडून असतो आणि खोलीभर पहिल्या पावसानंतरच्या कुरणाचा नव्हे, तर भर उन्हात सुकलेल्या गवताचा गोडसर वास दरवळतो. आपल्या आजीबाईंच्या निर्गुडीच्या शेकाची ही सख्खी बहीण! गवताची अ‍ॅलर्जी असणाऱ्याने मात्र तिच्या वाटेस जाऊ नये. या पिशवीने सरकलेली गादी जागेवर बसते असे कोणी सांगू लागल्यास त्याच्यावर विश्वास ठेवू नये. ताठरलेले स्नायू सैल पडून रोग्यास हालचाल करण्याचे धैर्य येते, एवढेच तिचे श्रेय, आणि माझ्या मते ते थोडे नव्हे.

कारण खरे काम हालचालीचे. ज्या देशात बिस्मार्कने 1883 मध्येच कामगारांच्या आजारविम्याचा कायदा केला, तेथे डॉक्टरच्या चिठ्ठीवर व्यायामोपचार मिळतो. सरकारमान्य विम्यातील प्रौढाने खर्चाचा दहावा हिस्सा आणि चिठ्ठीमागे 10 युरो भरावे, बाकीची रक्कम विमासंस्था देते. कळ असह्य झाली की पाठीवर निजून पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर अशा ठेवावयाच्या की कंबर व गुडघे काटकोनात येतील, ही तेथील घरोघरीची युक्ती कोणासही फुकट करता येते. थोडा आराम पडताच उठून चालावे, दिवसातून अनेकदा चालावे, आणि वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्या.

एक गोष्ट मात्र वाचकांनी घरातील सर्वांस सांगून ठेवावी. जांघेची व बैठकीची जागा बधिर झाली, लघवी तुंबली वा नकळत होऊ लागली, किंवा पाऊल उचलेनासे झाले, तर शेक, पिशवी, व्यायाम सारे बाजूस ठेवून त्याच रात्री इस्पितळ गाठावे. तेथे तासांचा हिशेब असतो.